चव्वेचाळीसशे आठ

भरतेश चौगुलेच्या उजव्या कानामागे, कवटीच्या हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या डबीत सहाशे सतरा अंकी एक संख्या होती. ती कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार आहे हे जगात आता कुणालाच माहीत नव्हतं. एकोणीस नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांपर्यंत ते कळलं नाही, तर ती डबी बंद पडणार होती.

डबीचं नाव ‘निश्चल’. शर्टाच्या बटणाहून थोडी मोठी. तिच्यातून केसाएवढ्या दोन तारा मेंदूत उतरलेल्या. फिट येण्याआधी काही क्षण मेंदूतल्या हजारो पेशी एका ठेक्यात धडधडायला लागतात. निश्चलला त्याची चाहूल लागे आणि ती अगदी मंद झटका देऊन तो ठेका मोडून टाकी. माणसाला काही झाल्याचं कळतही नसे. सहा वर्षांत भरतेशला एकदाही फिट आली नव्हती. त्याआधी दिवसाला आठ-दहा यायच्या.

त्या आधीच्या वर्षांत त्याला सांभाळलं ते त्याच्या बहिणीने, त्रिशलाने. ती त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. इचलकरंजीतल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. आईवडील लवकर गेले, भावाला घरात एकटं टाकता येईना, म्हणून तिचं लग्न राहूनच गेलं. निश्चल बसवल्यावर भरतेशने काय केलं, तर पोहायला शिकला. फिटवाल्या माणसाला डॉक्टर जे एक काम कधीच करू देत नाहीत, नेमकं तेच. आता बत्तिसाव्या वर्षी तो गावातल्या तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवत होता. त्रिशला कधीमधी काठावर जाऊन बसे. भाऊ पाण्याखाली गेला की तो वर येईपर्यंत ती अजूनही आकडे मोजत राही.

जूनमध्ये निश्चल बनवणारी कंपनी बंद पडली.

एखादी कंपनी बंद पडली म्हणून लोकांच्या डोक्यातली यंत्रं का बंद पडावीत, हा प्रश्न पुढे पुष्कळांनी विचारला. उत्तर साधं होतं. मेंदूत तार गेलेल्या यंत्राला बाहेरून कुणीही हुकूम देऊ नये, म्हणून प्रत्येक डबीला कुलूप होतं. डबी ठरावीक मुदतीनंतर विचारायची, ‘मी पुढे चालू राहू का?’ ‘हो’ हे उत्तर कंपनीच्या सहीनिशी आलं तरच ती ते मानायची. नाहीतर सुरक्षिततेसाठी स्वतःला बंद करून घ्यायची. ही सही शाईची नव्हती, गणिताची होती. दोन प्रचंड मूळ संख्या घ्यायच्या, प्रत्येकी तीनशेहून जास्त अंकी. त्यांचा गुणाकार करायचा. गुणाकार डबीत ठेवायचा, तो कुणी वाचला तरी बिघडत नाही. त्या दोन मूळ संख्या मात्र कंपनीच्या तिजोरीत. ज्याच्याकडे त्या दोन आहेत, तोच सही करू शकतो. कंपनीला टाळं लागलं तेव्हा कुणीतरी ती तिजोरी उघडायला गेलं. चोराने हात लावताच पुसून जायचं, असंच तिला शिकवलेलं होतं. ती पुसून गेली.

राज्यात असे एकोणीसशे रुग्ण होते. डबी काढून दुसरी बसवण्याची शस्त्रक्रिया करू शकणारे डॉक्टर होते तीन. यादी लागली. भरतेशचा क्रमांक दोनशे बारा. त्याची पाळी यायला पुढचा जून उजाडला असता.

“तू गणिताची आहेस ना अक्का,” तो तेव्हा हसून म्हणाला होता, “मग फोड की ती संख्या.”

त्रिशला हसली नव्हती. ८३ आणि ८९ यांचा गुणाकार पाचवीतली मुलगीही करते, ७३८७. पण नुसती ७३८७ हातात देऊन ‘याचे अवयव सांग’ म्हटलं, तर तीच मुलगी दोनपासून सुरुवात करून तासभर भागत बसते. सहाशे सतरा अंकांच्या संख्येला तो तास विश्वाच्या वयाहून मोठा होतो. क्वांटम संगणकांच्या बातम्या रोज येत, पण एवढी संख्या फोडून दाखवणारा अजून कुणाच्या हाती नव्हता. तरी तिने प्रयत्न केले. दोन अवयव एकमेकांच्या अगदी जवळचे असतील तर एक युक्ती चालते. अवयवातून एक वजा केल्यावर उरलेल्या संख्येचे तुकडे लहान लहान असतील तर दुसरी चालते. जुलै आणि ऑगस्ट त्यातच गेले. शाळेच्या प्रयोगशाळेतले बारा संगणक रात्रंदिवस घरघरत राहिले आणि संख्या जशीच्या तशी राहिली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती सहावीच्या वर्गात मसावि शिकवत होती. महत्तम साधारण विभाजक, म्हणजे दोन संख्यांना भागणारी सर्वांत मोठी संख्या. तिने फळ्यावर लिहिलं, ८०५१ आणि ७३८७. मोठीतून लहान वजा केली, उरले ६६४. ६६४ ने ७३८७ ला भागलं, बाकी ८३. ८३ ने ६६४ ला भागलं, बाकी शून्य. “म्हणून मसावि ८३. बघा, अवयव न पाडता सापडला,” असं म्हणून ती वळली आणि खडू हातात तसाच राहिला. दोन संख्यांमध्ये एक मूळ संख्या सामाईक असेल, तर ती अशीच भागत गेल्यावर बाहेर येते, आणि तिने भागलं की दुसरीही. संख्या कितीही मोठ्या असोत.

प्रश्न एवढाच होता, की दोन डब्यांच्या संख्यांत सामाईक अवयव असेल तरी कसा? मूळ संख्या तर चिठ्ठी उचलावी तशा उचललेल्या असतात, आणि पोतं एवढं मोठं की दोनदा तीच चिठ्ठी येणं शक्यच नाही. पण चिठ्ठ्या उचलणारं यंत्र नुकतंच झोपेतून उठलं असेल तर?

याचं उत्तर नौशाद मुजावरकडे होतं. नौशाद कंपनीचा कोल्हापूर भागातला तंत्रज्ञ, डब्या बसवल्यावर रुग्णांच्या घरी जाऊन तपासणी करणारा. नोकरी गेली होती, पण डब्या वाचण्याचं आणि त्यांना सही पोचवण्याचं हातातलं यंत्र, ज्याला तो कांडी म्हणायचा, त्याने परत केलं नव्हतं.

“कारखान्यात एका यंत्राला दोन तोंडं होती मॅडम,” तो म्हणाला. “एका वेळी दोन डब्या भरायच्या. वीज गेली की यंत्र पुन्हा सुरू व्हायचं, आणि सुरू झाल्या झाल्या दोन्ही तोंडांना पहिला आकडा एकच मिळत असेल, तर नवल नाही. दुसरा आकडा येईपर्यंत यंत्र ताळ्यावर यायचं.”

म्हणजे वीज गेल्यावर भरलेल्या पहिल्या दोन डब्या, लागोपाठच्या क्रमांकांच्या, अर्ध्या सारख्या. जुळ्या नाहीत, पण सख्ख्या.

कायद्याने हे कुलूप फोडणं गुन्हा होता. त्रिशलाने रुग्णांच्या गटांवर निरोप टाकला, की निश्चलबरोबर मिळालेल्या कार्डावर छापलेली संख्या मला पाठवा. कुणी शिव्या घातल्या, कुणी फसवणुकीची तक्रार करू म्हणाले. तरी ऑक्टोबरअखेर तेराशे संख्या जमल्या. त्यांतून त्रेचाळीस जोड्या निघाल्या. शहाऐंशी माणसं. नौशाद जीप घेऊन जळगावपासून सावंतवाडीपर्यंत फिरला, एकेकाच्या कानामागे कांडी धरून पुढच्या वीस वर्षांची सही पोचवत. लोक त्रिशलाला फोन करून रडायचे, देव म्हणायचे.

त्या शहाऐंशींत भरतेश नव्हता.

त्याच्या डबीचा क्रमांक ४४०७. नौशादने जुन्या खोक्यातून कारखान्याचा एक तपासणी-कागद शोधून काढला. त्या दुपारी वीज गेली होती, ४४०५ आणि ४४०८ या डब्यांच्या मध्ये कुठेतरी. ४४०६ चा रुग्ण सापडला, त्याची संख्या भरतेशच्या संख्येशी जुळली नाही. आता दोनच शक्यता होत्या. वीज ४४०७ च्या आधी गेली असेल तर भरतेशची जोडी ४४०८ शी. वीज त्याच्यानंतर गेली असेल, तर ४४०८ ची जोडी ४४०९ शी, आणि भरतेशची कुणाशीच नाही.

४४०९ वाशीमला होती, पल्लवी इंगळे नावाच्या सव्वीस वर्षांच्या एसटी कंडक्टर मुलीच्या डोक्यात. तिचा दर दोन दिवसांनी फोन यायचा. “ताई, त्या आठवाल्याचं काही समजलं का जी?”

पंधरा नोव्हेंबरला समजलं. ४४०८ क्रमांकाची डबी गडहिंग्लजजवळच्या एका गावातल्या दानेश्वरी हत्तरगी या मुलीला बसवली होती. ती दोन वर्षांपूर्वी वारली. फिटने नव्हे, स्कूटरला ट्रकने ठोकरलं. कार्ड पर्समध्ये होतं आणि पर्स कालव्यात गेली.

“मग डबी?” त्रिशलाने विचारलं. दहन करण्याआधी अशी यंत्रं काढून घेतात, कुणीतरी जपून ठेवली असेल, अशी तिला आशा होती.

“लिंगायत आहेत मॅडम,” नौशाद म्हणाला. “त्यांच्यात पुरतात. डबी तिच्याजवळच आहे.”

संध्याकाळी तिने भरतेशला सांगितलं. त्याने तलावावर जाणं महिन्यापूर्वीच थांबवलं होतं. दिवसभर घरात बसून तो खिडकीतून रस्ता बघायचा.

“नको अक्का,” तो म्हणाला. “त्या पोरीला कशाला?”

“उकरायचं नाही रे. कांडी एक वीत अंतरावरून वाचते. बॅटरी नसली तरी वाचते. त्यांच्यात बसवून पुरतात, डोकं वर असतं. तीन-साडेतीन फूट माती काढली की पुरे. तिला हातही लागणार नाही.”

“हे तू त्यांना सांगणार? तिच्या आईला?”

“सांगणार.”

“आणि जुळलं नाही तर? दोनातलं एक आहे, तूच म्हणालीस.”

त्रिशलाने खिडकी लावून घेतली. मग भरतेशने आणखी एक विचारलं, आणि ते ऐकून तिला त्याचा रागच आला. “पल्लवीला सांगितलंस, आठवाली सापडली म्हणून?”

“वेळ मिळाला की सांगते.”

सतरा तारखेला दुपारी ती आणि नौशाद हत्तरग्यांच्या दारात उभे होते. चन्नाप्पा हत्तरगी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेला, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं कमी. त्याची बायको सुवर्णा उंबऱ्यातच बसून शेंगा फोडत होती.

“कुठनं आलासा?” तिने विचारलं. “बसा की. चहा टाकते.”

चहा झाला, तरी त्रिशलाला विषय काढता येईना. शेवटी नौशादनेच, खाली मान घालून, चार वाक्यांत सांगितलं. सुवर्णाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“दोन वर्षं झाली तिला बसवून,” ती म्हणाली. “शांत बसलीया. आता उठवू नका तिला.”

“काकू, आम्ही तिच्यापर्यंत—” त्रिशला म्हणू लागली.

“लहानपणापासनं दिवसाला धा-धा वेळा पडायची. चुलीपुढं पडली, आडापाशी पडली. एक दिवस जिवाला थारा न्हवता. ते यंत्र बसलं आन् चार वर्षं पोर सुखानं जगली. कालेजला जायला लागली, तर गाडीखाली गेली. आता तरी सोडा की तिला.” एवढं बोलून ती आत निघून गेली.

चन्नाप्पाने तिच्या अर्धवट राहिलेल्या शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाला, “मला ते गणित सांगा.”

त्रिशलाने अंगणात काडीने ८०५१ आणि ७३८७ लिहिले. वजाबाकी केली, भागाकार केला, ८३ काढून दाखवले. आयुष्यभर आकडे वाचलेल्या त्या माणसाने ते एकदाच बघितलं आणि मान हलवली. “म्हंजे आमच्या पोरीचा आन् तुमच्या भावाचा एक आकडा एकच.”

“हो.”

“नक्की?”

वीस वर्षं ती मुलींना सांगत आली होती, की सिद्ध होत नाही तोवर ‘नक्की’ म्हणायचं नाही. दारात नौशाद उभा होता. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. खरं सांगितलं, की निम्मी शक्यता आहे, आणि जुळलं नाही तर वाशीमच्या एका मुलीला उपयोग होईल, तर हा माणूस काय म्हणेल? दोन दिवस उरलेत. तहसीलदाराची परवानगी काढायची तर दहा दिवस लागतील. दुसरं दार नाही.

“नक्की,” ती म्हणाली.

चन्नाप्पा उठून आत गेला. आतून कन्नडमध्ये दोघांचं हलक्या आवाजात बोलणं बराच वेळ ऐकू येत राहिलं. एकदा सुवर्णाचा हुंदका आला, मग काहीच नाही. तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते.

“उद्या दिस उगवायच्या आत. मठातल्या स्वामींना विचारून घेतो. खोरं मी चालवीन. दुसऱ्या कुणी मातीला हात लावायचा न्हाई.”

जीपमध्ये बसल्यावर नौशाद म्हणाला, “मॅडम, तुम्ही खोटं बोललात.”

“चला,” त्रिशला म्हणाली.

समाधी त्यांच्या रानात होती, उसाच्या फडाला लागून. पहाटे धुकं होतं. स्वामींनी मंत्र म्हणून भस्म टाकलं. चन्नाप्पाने चौथऱ्याच्या विटा एकेक करून काढल्या, ओळीने मांडून ठेवल्या आणि खोदायला सुरुवात केली. साठीचा माणूस, दर पाच-सहा खोऱ्यांनंतर थांबत होता, पण खोरं सोडेना. सुवर्णा पदर तोंडाला लावून मातीच्या ढिगाशेजारी बसली होती. दोन फुटांवर पांढरट माती लागली, मीठ आणि भस्म मिसळलेली. तिथून तो हातानेच माती काढू लागला, पोरीचे केस विंचरावेत तशी हळू. नौशाद दर चार बोटांना कांडी खाली धरून बघत होता. काहीच नाही. पुन्हा माती. पुन्हा काहीच नाही.

कांडी वाजली तेव्हा सगळेच दचकले. नौशादने हात वर केला. “थांबा काका. बास. आली.”

चन्नाप्पाने हात मागे घेतले. खड्ड्यात अजून नुसती मातीच दिसत होती.

त्रिशलाने जीपच्या बॉनेटवर संगणक उघडला. सहाशे सतरा अंक पडद्यावर उतरले. तिने वर भरतेशची संख्या ठेवली, खाली दानेश्वरीची आणि मसावि काढायला सांगितला. कामाला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. उत्तर आलं, १.

तिने पुन्हा केलं. पुन्हा १.

याचा अर्थ तिला लगेच कळला होता, तरी ती त्या एकाकडे बघत राहिली. वीज भरतेशच्या डबीनंतर गेली होती. त्याची संख्या घडली तेव्हा यंत्र पूर्ण जागं होतं, त्याने आपलं काम चोख केलं होतं. संख्येत कुठेही खोट नव्हती. ती कुणालाच फुटणार नव्हती, कधीच.

नौशादने तिच्या मागून हात घालून वर, भरतेशच्या जागी, ४४०९ ची संख्या टाकली. पडदा भरून आकडे आले, तीनशे नऊ अंक. दानेश्वरी हत्तरगी आणि पल्लवी इंगळे यांची सामाईक मूळ संख्या.

“जुळलं?” चन्नाप्पाने खड्ड्याच्या कडेवरून विचारलं.

त्रिशला त्यांच्यापाशी गेली. “जुळलं काका. पण माझ्या भावाशी नाही. वाशीमच्या एका मुलीशी जुळलं.”

“तुम्ही नक्की म्हणाला होतासा.”

“दोनातलं एक होतं. मला माहीत होतं. तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटली, म्हणून खोटं बोलले.”

चन्नाप्पाने फक्त खोरं उचललं आणि माती परत लोटायला लागला. त्रिशला नकळत खाली वाकली, ओंजळीत माती घेतली. “हात लावू नका,” तो म्हणाला. तिने ओंजळ तिथेच सोडली. सुवर्णाने एकदाही मान वर केली नाही.

नौशादला वाशीम गाठायचं होतं, सहाशे किलोमीटर. त्रिशलाने बॉनेटवरच पल्लवीसाठी सही तयार करून कांडीत भरली. “तुम्हाला स्टँडवर सोडू?” तो म्हणाला. ती नको म्हणाली, आणि धुक्यातून चालत रस्त्याला लागली. वाटेत तिने पल्लवीला फोन केला. “नौशाद निघालाय. उद्या सकाळपर्यंत पोचेल. घरीच थांब.”

“म्हणजे आठवाली माझी निघाली? आन् भाऊचं काय, ताई?”

त्रिशलाने फोन बंद केला. पल्लवीचं नाव कानावर पडल्यापासून, गेले तीन आठवडे, जोडी हिची निघू नये असं ती मनातल्या मनात म्हणत आली होती. रोज, अगदी देवापुढे हात जोडून.

एकोणीस तारखेला सकाळी सातला नौशादचा फोन आला, पल्लवीची सही लागली. भरतेशने बहिणीच्या हातून फोन घेतला आणि पल्लवीशी दोन मिनिटं बोलला. “रडू नका हो,” तो म्हणत होता, “तुमच्यामुळे काही झालेलं नाही.” मग त्याने आंघोळ केली, दाढी केली, पोटभर जेवला. त्रिशलाने पलंगाच्या कडेच्या भिंतीला उशा लावल्या, टेबल बाहेर काढलं, न्हाणीघराची आतली कडी उचकटून टाकली. अकरा वीसला त्याच्या फोनवर एक ओळ आली, ‘निश्चल सुरक्षितपणे बंद झाले आहे.’

“सुरक्षितपणे,” भरतेश म्हणाला.

पहिली फिट दुपारी पावणेदोनला आली. तो तिला काहीतरी सांगत होता आणि वाक्याच्या मध्येच डोळे फिरले. सहा वर्षांनंतरही त्रिशलाचे हात विसरले नव्हते. कुशीवर वळवणं, मान सांभाळणं, घड्याळ बघणं. त्या दिवशी तीन आल्या. चौथ्या दिवशी नऊ. गोळ्यांचे डोस वाढवले, तर तो दिवसभर गुंगीत राहू लागला. जीभ चावून सुजली होती. एका दुपारी शुद्धीवर आल्यावर तो तिच्याकडे बघत राहिला आणि तिचं नाव त्याला आठवेना. ‘अक्का’ हा शब्दही नाही. दहा मिनिटांनी आठवलं तेव्हा तो लहान मुलासारखा रडला.

शाळेत रजा टाकली होती. नौशाद एकदा येऊन गेला. यादीत मधले चार जण दगावले म्हणून भरतेशचा क्रमांक दोनशे आठवर आला होता. ऑपरेशनला अजून सात महिने होते. त्रिशला धड झोपली नव्हती, पलंगाशेजारी जमिनीवर बसल्या बसल्या डुलकी घ्यायची आणि पलंगाचा आवाज झाला की उठायची. आपण सात महिने पुरणार नाही, हे तिला कळत होतं.

नवव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, दार वाजलं. बाहेर सुवर्णा हत्तरगी एकटीच उभी होती. हातात कापडी पिशवी.

त्रिशला दारातून बाजूला झाली. “या काकू,” एवढंच म्हणाली.

सुवर्णा आत आली, उभीच राहिली. “त्या वाशीमच्या पोरीचं नाव काय?”

“पल्लवी. पल्लवी इंगळे.”

“बरी हाय?”

“बरी आहे. कामावर जायला लागली.”

“नंबर द्या तिचा.”

त्रिशलाने कागदावर लिहून दिला. सुवर्णाने तो घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. “यांना म्हाईत न्हाई मी आलेलं,” ती म्हणाली. “ते अजून बोलत न्हाईत कुणाशी. तुम्ही आमच्याशी खोटं बोललासा. ते मी विसरणार न्हाई. मरंपर्यंत न्हाई.”

“हो,” त्रिशला म्हणाली. तिने क्षमाही मागितली नाही. मागण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

तेवढ्यात आतून पलंग करकरला. त्रिशला वळली, पण इतक्या दिवसांच्या जाग्रणाने डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तिने चौकटीला हात टेकला. तोवर सुवर्णा तिच्या बाजूने आत गेलीही होती. तिने पिशवी खाली टाकली, पदर खोचला, एका हाताने भरतेशला कुशीवर घेतलं, दुसरा हात त्याच्या डोक्याखाली सरकवला. शर्टाचं वरचं बटण कधी सोडलं ते दिसलंही नाही. न घाई, न घाबरणं. या कामात तिची वर्षानुवर्षं गेली होती.

“किती वेळ राहते?” तिने मागे न बघता विचारलं.

“दीड मिनिट. कधी दोन.”

“हं.”

भरतेशचं अंग थरथरत होतं. सुवर्णाने त्याच्या ओठांवरचा फेस पदराने पुसला. तिची नजर त्याच्या उजव्या कानामागच्या वणावर गेली आणि तिथेच थांबली. मग तिने तळवा त्या वणावर अलगद ठेवला.

“तुम्ही झोपा जावा,” ती म्हणाली. “संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी बसते. परवा परत येते.”

“काकू—”

“झोपा म्हटलं न्हवं?”

त्रिशला बाहेरच्या खोलीत जाऊन चटईवर आडवी झाली. भिंतीपलीकडून सुवर्णाचा आवाज येत होता, एकसुरी, न थांबणारा. ती फिट सरेपर्यंतचे क्षण कन्नडमध्ये मोजत होती. नव्वदाच्या पुढचे आकडे त्रिशलाने ऐकले नाहीत. तिला झोप लागली होती.